हिवाळ्यात वाद्य नेताना

परक्या मुलखातल्या मोठ्या शहरी भर हिवाळ्यात जायचे ठरले, की ज्यांनी सरबताच्या पेल्याबाहेर कधी बर्फ पाहिला नाही, अशांनाही कंठ फुटतो. थोरली सून म्हणाली, कानांत कापूस घाला. तिचा भाऊ म्हणाला, अंगावर मावतील तेवढे कपडे चढवा. आमच्या डॉक्टरांनी तर, जाऊच नका, असा सर्वांत सोपा सल्ला दिला. मी प्रत्येकाचे शांतपणे ऐकून घेतले आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विमानात जाऊन बसले. आता मी तिथे राहून, चालून, आणि जे आणायला गेले होते ते घेऊन परत आले आहे. तेव्हा यापुढे या घराण्यात हिवाळ्याविषयी बोलण्याचा पहिला मान माझा.

पहिली गोष्ट ही, की जाण्याचे कारण घट्ट असावे. बूट सैल असले तरी चालतील. आमचे कारण एका काळ्या पेटीत होते.

आमच्या घरात तीन पिढ्या व्हायोलिन बनते. लाकूड पुरुषांनी कोरावे आणि रोगण बायकांनी चढवावे, अशी जुनी वाटणी होती. त्या वाटणीने माझ्या हातून किती वाद्ये चमकून बाहेर पडली याची मोजदाद मी ठेवली नाही. माझ्या यजमानांचे मेज खिडकीजवळ होते. ते गेल्यापासून त्या मेजापाशी कुणी बसले नव्हते. थोरला मुलगा कारखाना चालवतो, आणि चांगला चालवतो. धाकट्याने लाकडाकडे पाठ फिरवून बँक धरली. पण त्याची मुलगी रांगायला लागली ती थेट लाकडाच्या भुशातच. एका जागी बसली की उठायची नाही. आजोबा कौतुकाने म्हणायचे, ही मुलगी नाही, वाद्याची खुंटी आहे, रुतली की रुतली. तेव्हापासून ती सगळ्यांची खुंटीच.

खुंटीने वर्षभर खपून एक व्हायोलिन केले. लाकूड तिने कोरले, आणि रोगणही माझ्या नजरेखाली तिनेच चढवले, म्हणजे जुनी वाटणी तिने एका फटक्यात मोडली. मी ती मोडू दिली. त्या वाद्याचा आवाज ऐकल्यावर मी थोरल्याला जेवणाच्या टेबलावर सांगितले, "खिडकीजवळचं मेज हिला दे."

थोरल्याने घास गिळला. "आई, पोरगी गुणी आहे. पण एका व्हायोलिनला वर्ष? तेवढ्यात मी दुकानांना गाडीभर माल देतो. त्या जागी मला यंत्र बसवायचंय."

"काका, यंत्र दाराजवळही बसेल," खुंटी म्हणाली. "मला उजेड लागतो."

"यंत्राला उजेड लागत नाही, पण मला लागतो, यंत्र बघायला."

"वाद नकोत," मी म्हणाले. "स्पर्धेला पाठवू."

वाद्ये बनवणाऱ्यांची ती स्पर्धा त्या दूरच्या शहरात ऐन हिवाळ्यात भरते. देशोदेशीचे कारागीर आपापले वाद्य घेऊन येतात. परीक्षक आधी प्रत्येक वाद्य हातांत घेऊन पारखतात. त्यातली निवडक तेवढीच मंचावर वाजवली जातात. थोरला हसला आणि म्हणाला, "ठीक. हिचं मंचावर गेलं, तर मेज हिचं. नाही गेलं, तर ही माझ्या ऑफिसात फोनवर ऑर्डरी घेईल आणि लाकडाचं नाव काढणार नाही. कबूल?"

खुंटीचा चेहरा उतरला. फोनवर ऑर्डरी घेणे म्हणजे तिच्यासाठी जन्मठेप. पण ती म्हणाली, "कबूल."

"तुमच्यापैकी कुणी सोबत जाणार?" मी विचारले. कुणालाही थंडी सोसत नव्हती. मग मीच निघाले.

आमचे गाव दमट. भिंतींना ओल, कपड्यांना ओल, माणसांच्या स्वभावालाही थोडी ओल. लाकूड फुगते, म्हणून आमच्या कारखान्यातल्या कपाटांत बारा महिने बल्ब जळत असतात, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पेटीत ओल शोषून घेणाऱ्या पुड्या घालतात. हा आमचा धर्मच म्हणा. खुंटीने पेटीत नेहमीपेक्षा दुप्पट पुड्या घातल्या आणि मी, शाबास, म्हणाले.

त्या शहरात उतरलो तेव्हा आकाश जुन्या ॲल्युमिनियमच्या भांड्यासारखे दिसत होते. स्टेशनच्या फलाटावर आलो आणि खुंटी रडकुंडीला आली.

"आजी, पाय लाकडासारखे झालेत. बोटं आहेत का नाहीत तेच कळत नाहीये."

"मोजे किती घातलेस?"

"तीन जोड. काकूचे भाऊ म्हणाले होते ना."

"मग रक्ताने जायचं कुठून? दोन काढ."

"इथे? फलाटावर?"

"नाही, राजवाड्यात. बस त्या बाकावर."

एक जाड मोजा आणि त्याच्याभोवती बोटे हलतील एवढा बूट, हे सूत्र लक्षात ठेवावे. ऊब लोकरीत नसते, लोकरीने अडवलेल्या हवेत असते. हवेलाच जागा ठेवली नाही, तर लोकर काय करील? अंगातही एकच ढब्बू कपडा नको. पातळ पातळ थर घालावेत, कारण तिथल्या आगगाड्या आणि दुकाने आतून भट्टीसारखी तापवलेली असतात. आत शिरताच कोटाची बटणे सोडावीत, नाहीतर घाम फुटतो, आणि तोच घाम बाहेर पडल्यावर सूड उगवतो. बर्फावर चालताना बदकाला गुरू करावे. पाऊल लहान, पाय फाकवलेले, अंगाचा भार पुढच्या पायावर. हात खिशात घालून ऐटीत चालणारे दोन तरुण मी माझ्या डोळ्यांदेखत जमिनीवर आलेले पाहिले. मी एकदाही घसरले नाही.

दिवस तिथे दुपारीच आटोपतो. पाहायचे ते सकाळी पाहून घ्यावे आणि उजेड मावळला की एखाद्या मोठ्या छताखाली शिरावे. वाचनालयात, संग्रहालयात, काहीच नाही तर स्टेशनात. तिथे तासन्‌तास बसा, तुम्ही कोण, असे कुणी विचारत नाही. आम्ही पहिली संध्याकाळ एका संग्रहालयात जुनी वाद्ये पाहण्यात घालवली. खुंटी काचेला नाक लावून एकेका वाद्यापुढे अशी उभी राहिली, की पहारेकऱ्याला वाटले असेल, ही आता इथेच राहणार.

हॉटेलची खोली लहान, स्वच्छ आणि भयंकर गरम होती. खिडकीखालच्या हीटरवर हात ठेववत नव्हता. खुंटीने पेटी त्याच्याच शेजारी ठेवली. तान्ह्या मुलाला उबेत ठेवावे तशी. मी थकले होते. मी पाहिले, आणि काही बोलले नाही.

सकाळी उठले तो माझे ओठ फुटलेले, नाक आतून कोरडे ठणठणीत, आणि हाताची कातडी जुन्या कागदासारखी. मी अंथरुणात उठून बसले आणि मला त्या पेटीची आठवण झाली. कातडीचे हे, तर लाकडाचे काय?

"खुंटे, ऊठ. पेटी उघड."

मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसे आम्ही व्हायोलिन कडेकडेने वाजवून पाहतो. बोटाच्या पेराने टकटक करीत जायचे. सांधे धड असतील तर आवाज भरीव येतो. मी पुढच्या फळीच्या कडेने टकटक करीत निघाले. वरची बाजू भरीव. कंबर भरीव. खालच्या गोलाईपाशी आले, आणि आवाज बदलला. सैल दाताने बोलावे तसा.

खुंटीने दिवा धरला. फळी आणि कडेची पट्टी यांच्यामध्ये केसाएवढी फट पडली होती. तीन बोटे ठेवली तर झाकली जाईल एवढी लांब.

तिने दिवा खाली ठेवला. "संपलं, आजी. उद्या दुपारी द्यायचंय. संपलं सगळं."

मी पेटीतल्या पुड्या चाचपल्या. एकूण एक पुडी आपले काम चोख बजावत होती, आणि तिथेच घात झाला होता. ज्या हवेत आधीच थेंबभर ओल नाही, तिथे आम्ही दुप्पट पुड्या आणि वर हीटर, अशी तजवीज केली होती. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही पाण्याशी लढत आलो; पाणीच नसलेल्या मुलखात काय करायचे, हे आम्हांला कुणी शिकवले नव्हते. लाकूड बिचारे आक्रसले.

तेवढ्यात फोन वाजला. थोरला. त्याला वाईट बातमीचा वास कुठूनही येतो.

"आई, कशा आहात दोघी?"

"सांधा उघडलाय," मी म्हणाले.

पलीकडे एक सुस्कारा. "मी हिला हजारदा सांगितलं, डब्यातला पक्का गोंद वापर. एकदा चिकटलं की जन्मात सुटायचं नाही. पण नाही! आजोबांचा सरसच पाहिजे. उकळा, गाळा, जपा. आता भोगा."

मी फोन खुंटीकडे दिला. काही उत्तरे माणसाने स्वतः द्यायची असतात.

तिने नाक पुसले. "काका, पक्का गोंद असता तर सांधा उघडलाच नसता, खरंय."

"मग?"

"मग फळी फुटली असती. लाकूड आक्रसायचं ते आक्रसणारच. त्याला कुठेतरी सुटायला जागा हवी. सरस लाकडापेक्षा कच्चा असतो, म्हणून आधी सांधा सुटतो आणि फळी वाचते. फुटलेली फळी जन्माची गेली. सुटलेला सांधा मी परत लावू शकते."

थोरला म्हणाला, "लावशील कशाने? शिकंजे नेलेत का?"

खुंटीने माझ्याकडे पाहिले. सरसाचे दाणे तिच्या हत्यारांच्या पिशवीत होते, पातळ सुरीही होती. पण सांधा दाबून धरायचे शिकंजे सामानाचे वजन वाढते म्हणून घरीच राहिले होते, आणि त्यांच्या जागी थोरल्या सुनेने कापसाचा गठ्ठा घातला होता.

"आहे त्यात भागवू," मी फोनकडे तोंड करून म्हणाले. "ठेव आता. कामं आहेत."

मग मी हुकूम सोडायला सुरुवात केली. हीटर बंद. पुड्या कचऱ्यात. न्हाणीघरातला टब गरम पाण्याने काठोकाठ भरला आणि दार सताड उघडे ठेवले. होते नव्हते तेवढे टॉवेल भिजवून खुर्च्यांवर, पलंगाच्या कडेवर, दाराच्या मुठीवर पसरले. खोली धोब्याच्या घराइतकी दमट झाली. आम्ही दोघी कोट घालून, टोप्या चढवून, पलंगावर मांडी ठोकून बसलो आणि व्हायोलिन पेटीबाहेर, त्या ओल्या हवेत ठेवले. साफसफाईवाली बाई दार उघडून आत आली, टॉवेल पाहिले, आम्हांला पाहिले, आणि कपाळावरून हात फिरवून हळूच दार ओढून निघून गेली. परक्या शहरात वेडे ठरण्याची लाज बाळगू नये. तिथे आपल्याला ओळखते कोण?

शिकंज्यांसाठी मात्र लाज सोडून पुढे व्हावे लागणार होते. त्या हॉटेलात आणखी एक स्पर्धक उतरला होता. आदल्या रात्री हॉटेलात शिरताना त्याची पेटी मी हेरली होती. छातीपर्यंत दाढी असलेला धिप्पाड मनुष्य. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला येत नव्हती.

"आजी, तो आपला प्रतिस्पर्धी आहे," खुंटी कुजबुजली. "त्याला कळलं तर?"

"कळलं तर कळलं. कारागीर आहे ना? चल."

मी त्याचे दार ठोठावले. एका हाताच्या दोन बोटांनी दुसऱ्या हाताचा तळवा दाबून धरला आणि चेहऱ्यावर जेवढे दुःख आणता आले तेवढे आणले. दाढीवाल्याने माझ्याकडे पाहिले, खुंटीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिले, आणि विजेचा धक्का बसल्यासारखा आत पळाला. परत आला तो ओंजळभर लाकडी शिकंजे घेऊन. मागोमाग आमच्या खोलीपर्यंत आला, ओले टॉवेल पाहिले, आणि साफसफाईवालीसारखा पळाला नाही. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली. नंतर आपल्या खोलीत गेला, आणि त्याच्याही टबात पाणी पडल्याचा आवाज भिंतीतून येऊ लागला.

दुपारपर्यंत लाकडाने श्वास घेतला. फट आपोआप अर्धी मिटली. खुंटीने भिजत घातलेल्या सरसाची वाटी किटलीतल्या गरम पाण्यात बसवली. सरस फार तापला तर जळतो, निवला तर गोठतो. त्याला माणसासारखेच सांभाळावे लागते. तिने सुरीच्या पात्यावर थेंब घेतला आणि फटीत सारला. पहिला कडेवरच ओघळला.

"आजी, तू धर ना सुरी. तुझा हात स्थिर आहे."

"माझा हात स्थिर आहे, पण वाद्य तुझं आहे."

"चुकलं तर?"

"तर गरम पाण्याने सोडव आणि परत लाव. त्यासाठीच सरस घेतलास ना? आत्ता काकाला शिकवत होतीस!"

ती हसली. हसल्यावर तिचा हात स्थिरावला, आणि मग मी आजोबांचा हात पाहिला असे मला वाटले. असे मी सहसा कुणाबद्दल म्हणत नाही. थेंबामागून थेंब, पाते आत, पाते बाहेर, ओल्या फडक्याने कड पुसून घेतलेली. शिकंजे एकामागून एक बसले. शेवटचा फिरवताना फटीतून सरसाचा बारीक मणी वर आला, म्हणजे आत जागा भरली. बाहेर तोवर अंधार पडला होता. मी तिला कोट, टोपी, हातमोजे यांसकट झोपवले.

दुसऱ्या दिवशी शिकंजे काढले आणि मी पुन्हा टकटक करीत फिरले. पूर्ण फेरी भरीव. मी दुसरी फेरी घातली, केवळ ऐकण्याच्या सुखासाठी.

सभागृहापर्यंत आम्ही चालत गेलो. बर्फ पडत होता. फोन मी पोलक्यात ठेवला होता, कारण थंडीत तो बाहेर काढला की क्षणात मान टाकतो. सभागृह उबदार होते, आणि खुंटी पोहोचताच पेटीची कडी काढायला धावली.

"हात लावू नकोस," मी म्हणाले.

"आजी, सगळ्यांनी उघडल्यात!"

"उघडू देत. बाहेरून आल्यावर माझ्या चष्म्याचं काय झालं बघ." काचा पांढऱ्या झाल्या होत्या. "वाद्याच्या अंगावरही असंच पाणी सुटेल. पेटी बंद राहू दे, आतलं सावकाश गरम होऊ दे."

टेबलामागचा मनुष्य घड्याळ दाखवीत काहीतरी म्हणाला. मी त्याच्याकडे अशी नजर टाकली, जी पाहून थोरला अजून ताटातले टाकलेले उचलून खातो. त्याने दुसऱ्याला पुढे बोलावले. आमची पाळी शेवटी आली, आणि आमचे वाद्य पेटीतून कोरडे, उबदार आणि सुरात बाहेर आले.

परीक्षकांपैकी एक वृद्ध बाई होत्या, बहुधा माझ्याच वयाच्या. त्यांनी व्हायोलिन उजेडात फिरवले, नेमके त्या सांध्यावर बोट ठेवले आणि प्रश्न विचारला. दुभाष्याने सांगितले, "हा सांधा नुकताच लावलाय का? कुणी लावला?"

खुंटी ताठ उभी राहिली. "मी. काल. हॉटेलात, चहाच्या किटलीवर."

दुभाष्याने सांगितले, आणि सगळे परीक्षक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेराने टकटक केली. कडेने, सावकाश, पूर्ण फेरी. माझ्यासारखीच. मग व्हायोलिन दोन्ही हातांनी खुंटीला परत दिले आणि एकच शब्द बोलल्या. दुभाष्या म्हणाला, "मंचावर."

खुंटी माझ्या गळ्यात पडली. सभेत असे वागणे मला आवडत नाही. त्या दिवशी मी तिची टोपी सरळ केली.

वाजवणारा तरुण होता. प्रत्येक वाद्यावर तीच धून, तेवढीच. आमचे हाती घेतले, धून संपवली, आणि गज खाली न ठेवता पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. परीक्षकांनी घंटी वाजवली. त्याने ऐकले नाही. दुसऱ्यांदा वाजवली, तेव्हा तो थांबला आणि त्याने व्हायोलिनकडे असे पाहिले, जणू त्याला कुणी ताटावरून उठवले आहे. मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. त्या टाळ्या कुणाच्याही शिफारशीने पडल्या नव्हत्या.

आवाजासाठी दुसरा क्रमांक आमचा आला. पहिला दाढीवाल्याचा. ज्याने शिकंजे दिले त्याच्याकडे पहिला क्रमांक जावा, हे मला पटले. म्हणजे मी ते पटवून घेतले. त्याने आपल्या बक्षिसाची माळ काढून खुंटीच्या गळ्यात घातली, मग आठवण होऊन परत घेतली, आणि आम्ही तिघेही हसलो.

मी पोलक्यातून फोन काढून थोरल्याला लावला.

"मंचावर गेलं," मी म्हणाले. "आणि दुसरं आलं."

पलीकडे एकदम ओरडणे ऐकू आले. थोरली सून, धाकटा, सगळे जमले होते तर. थोरल्याने सगळ्यांना गप्प केले. "कुठे आहे ती? द्या तिला." फोन खुंटीकडे गेला, आणि तो काय बोलला ते मला ऐकू आले नाही; फक्त ती म्हणाली, "अहो काका, रडता काय!"

मी फोन परत घेतला. "शब्द दिला होतास."

"दिला होता, आई. आल्यावर बघू. मेजावर सामान आहे बरंच—"

"आल्यावर नाही. आत्ता. आणि फोन ठेवू नकोस. मला ऐकायचंय."

मग पावले, दार, आणि जड वस्तू फरशीवरून ओढल्याचा तो करकर आवाज. एक खोके. आणखी एक. मी फोन खुंटीच्या कानाला लावला. ती डोळे मिटून ऐकत राहिली.